खुब्याचे हाड मोडले तर वजन लावून वाट पाहू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गुडघेबदलाची जाहिरात हल्ली रिक्षाच्या मागे, एसटी स्टँडवर आणि वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरही दिसते. ती शस्त्रक्रिया चांगलीच आहे, पण ती थांबू शकते. साखर आटोक्यात आणा, दातांची कीड काढून घ्या, मांडीचे स्नायू बळकट करा, दिवाळी उरकून या. बिघडत काही नाही. खुब्याचे मोडलेले हाड असे थांबत नाही. आपल्याकडे मात्र नेमके उलटे घडते. गुडघ्यासाठी मुलगा रजा काढतो, तारीख ठरते, सगळे वेळेवर होते. मोरीत पाय घसरून खुबा मोडलेली आजी पायाला विटा बांधून आठ-आठ दिवस कॉटवर पडून राहते. हे पत्र त्या आठ दिवसांबद्दल आहे. आमच्यापैकी एक हाडांचे सर्जन आणि एक भूलतज्ज्ञ आहे. उशीर दोन्ही बाजूंनी होतो, म्हणून दोघांनी मिळून लिहीत आहोत.

आधी ओळखायचे कसे ते सांगतो. साठी ओलांडलेले माणूस उभ्याचे पडले, उठता येत नाही, जांघेत कळ येते, एक पाय आखूड दिसतो आणि पंजा बाहेरच्या बाजूला कलंडला आहे, एवढे दिसले की खुबा मोडला असे धरूनच चालावे. फसगत होते ती दोन ठिकाणी. काही वेळा मोडलेली टोके एकमेकांत रुतून बसतात आणि माणूस लंगडत का होईना, दोन दिवस घरात वावरतो. आणि खुब्याची कळ पुष्कळदा गुडघ्यात जाणवते. मग गुडघ्याचा एक्स-रे निघतो, तो चांगला येतो, मलम आणि गोळ्या घेऊन माणूस घरी जातो. तिसऱ्या दिवशी रुतलेली टोके सुटतात आणि साध्या तीन स्क्रूंत भागले असते तिथे अख्खा गोळा बदलावा लागतो. म्हणून पडल्यानंतर गुडघा दुखतो असे सांगणाऱ्या वृद्धाच्या खुब्याचा एक्स-रे दोन बाजूंनी निघायलाच हवा. त्यात काही दिसले नाही आणि तरीही पायावर भार देता येत नसेल, तर एमआरआय करावा. ती सोय नसेल तर सीटी स्कॅन.

घरच्यांनी काय करू नये हे आधी. पाय ओढून सरळ करू नये, तेल लावून चोळू नये, ‘जरा चालून बघ’ म्हणून उभे करू नये. हाडवैद्यांवर लोकांचा विश्वास असतो आणि मनगटाच्या साध्या मोडीत बांधलेली पट्टी कधी निभावूनही जाते. पण खुब्याचे हाड खोल, जाड स्नायूंच्या आत असते. ते हाताने बसत नाही आणि बाहेरून बांधलेल्या पट्टीने जागेवर राहत नाही. काय करावे, तर दोन्ही पायांच्या मध्ये उशी ठेवावी, जाड चादरीवर किंवा फळीवर उचलावे आणि १०८ ला फोन करावा. निघताना चालू असलेल्या गोळ्यांची सगळी पाकिटे पिशवीत टाकावीत, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची तर आठवणीने. चष्मा, कवळी आणि कानाचे यंत्र बरोबर घ्यावे. शेवटचे जेवण किती वाजता झाले ते लक्षात ठेवावे.

आता हाडाकडे येऊ. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला गोळा असतो, तो कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतो. गोळा आणि मांडीचे हाड यांना जोडणारी तिरकी मान असते. हाड मानेत मोडले की मानेच्या खाली मोडले, यावर पुढचे सगळे ठरते. नातेवाइकांना हा फरक सहसा कोणी समजावून सांगत नाही. मग शेजारच्या वॉर्डातल्या आजोबांना रॉड टाकला आणि आमच्या आजीचा गोळा का बदलला, असा संशय उगाच मनात राहतो.

गोळ्याला रक्त नेणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या मानेला चिकटून, खालून वर जातात. मान मोडून टोके सरकली की या वाहिन्या फाटतात किंवा पिळतात. स्क्रू कितीही सुबक बसवले तरी गोळ्याला रक्तच पोहोचत नसेल तर हाड जुळत नाही, किंवा जुळल्यावर वर्ष-दोन वर्षांत गोळा सुकून ढासळतो. साठीच्या आतल्या माणसात तरीही स्वतःचा गोळा वाचवण्याचा प्रयत्न करतात, आणि तो लवकरात लवकर करतात. सत्तरीच्या पुढे दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करण्याची वेळ येऊ नये म्हणून सरकलेल्या मोडीत गोळा काढून धातूचा बसवणे बरे. मोड जागची हलली नसेल तर तीन स्क्रू पुरतात. पडण्याआधी माणूस काठीशिवाय बाजारात जाणारा, डोक्याने तल्लख आणि तब्येतीने धट्टाकट्टा असेल, तर वाटीसकट पूर्ण सांधा बदलण्याचा विचार होतो. घरातल्या घरात चालणाऱ्याला नुसता गोळा बदलला तरी चालते, शस्त्रक्रियाही कमी वेळात होते आणि सांधा निखळण्याचा धोकाही कमी राहतो.

मानेच्या खालच्या भागात रक्तपुरवठा भरपूर असतो. तिथले हाड जुळणार हे जवळपास नक्की असते; प्रश्न असतो ते जुळेपर्यंत धरून ठेवण्याचा. तिथे सरकत्या स्क्रूची प्लेट किंवा हाडाच्या पोकळीतून जाणारी सळई टाकतात. दवाखान्यात तिला पीएफएन किंवा नुसते ‘नेल’ म्हणतात. मोडीचे लहान-लहान तुकडे झाले असतील किंवा बाहेरची भिंत फुटली असेल तर प्लेटपेक्षा सळई भरवशाची. या प्रकारात एक गोष्ट हटकून नजरेआड होते, ती म्हणजे आतल्या आत वाहून गेलेले रक्त. मानेची मोड सांध्याच्या पिशवीच्या आत असते, तिथे रक्त फार साठत नाही. खालची मोड पिशवीच्या बाहेर असते, मांडीत रक्त मुरत राहते आणि हिमोग्लोबिन दोन-तीन ग्रॅमने उतरू शकते. दाखल होताना ११ आले म्हणून निर्धास्त राहू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तपासावे.

आता विटांबद्दल. पायाला चिकटपट्टी, तिला दोरी, दोरी कॉटच्या पायथ्याच्या कप्पीवरून खाली आणि खाली प्लास्टिकच्या पिशवीत एक-दोन विटा. एक वीट अडीच-तीन किलोची. हे दृश्य आपल्या वॉर्डांत इतके नेहमीचे आहे की ‘वजन लावलंय’ म्हणजे उपचार सुरू झाला असे नातेवाईक समजतात आणि आमच्यातलेही काही जण तसे समजू देतात. शस्त्रक्रियेपूर्वी वजन लावल्याने वेदना कमी होतात किंवा पुढचे काम सोपे होते, असे या विषयावरच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा दिसले नाही. अपाय मात्र रोज दिसतो. पट्टी घसरून घोट्यावर करकचते. म्हाताऱ्या माणसाची कातडी कागदासारखी पातळ असते, ती पट्टीबरोबर सोलून निघते. टाच गादीवर एकाच जागी दाबली जाते, दुसऱ्या दिवशी लाल आणि चौथ्या दिवशी काळी पडते. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, एक नस थेट हाडावरून जाते. पट्टी तिथे आवळली गेली की पंजा लुळा पडतो आणि खुबा बरा झाला तरी पाऊल उचलत नाही.

वेदनेवर याहून चांगला उपाय आहे आणि तो तालुक्याच्या गावीही करता येतो. पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवायची. पॅरासिटामॉल दर सहा तासांनी, वजन ५० किलोच्या आत असेल तर मात्रा कमी करून. आणि जांघेजवळ, स्नायूवरच्या पडद्याखाली ३० मिलिलिटर सौम्य केलेले बधिरतेचे औषध. सोनोग्राफीवर पाहून हे इंजेक्शन द्यायला दहा मिनिटे लागतात आणि अर्ध्या तासात आजीला कुशीवर वळवता येते, चादर बदलता येते, एक्स-रेला नेताना ती किंचाळत नाही. या वयात डायक्लोफेनॅकची इंजेक्शने मात्र सरसकट देऊ नयेत. पाणी कमी प्यायलेल्या, रक्तदाबाच्या गोळ्या खाणाऱ्या माणसाची मूत्रपिंडे त्यानेच बसतात, आणि मग क्रिएटिनिन वाढले म्हणून शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते.

घाई कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण पाचात एक ते तिनात एक वर्षभरात दगावतात, हे जगभरच्या नोंदी सांगतात. जीव हाडाने जात नाही, पडून राहण्याने जातो. उताणे पडल्यावर फुप्फुसांचा खालचा भाग नीट फुगत नाही, कफ साठतो, न्यूमोनिया होतो. नळी लावलेली असते म्हणून लघवीत जंतू होतात. माकडहाडावर जखम होते. पोटरीच्या शिरांत गुठळी धरते आणि ती सुटून फुप्फुसात अडकते. आधीच वाळलेले मांडीचे स्नायू रोज आणखी वाळतात. तीन दिवस छताकडे पाहत पडलेले माणूस रात्री बरळू लागते, सलाइन उपटते, मुलाला ओळखत नाही. घरच्यांना वाटते वेड लागले. त्यामागे वेदना, उपवास, अपुरी झोप आणि घसरलेले सोडियम असते. म्हणून ३६ तासांत, फार तर ४८ तासांत शस्त्रक्रिया आणि दुसऱ्या दिवशी उभे करणे, हे उद्दिष्ट जगभर ठेवतात. याहून घाई करून फार काही साधत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत निदानापासून सरासरी सहा तासांत केलेल्या आणि २४ तासांत केलेल्या शस्त्रक्रियांची तुलना झाली. मृत्यूंत फरक पडला नाही, पण लवकर झालेल्यांत बरळण्याचे प्रमाण कमी होते आणि ते लवकर उभे राहिले. म्हणजे रात्री दोनला दमलेल्या हातांनी करण्याची गरज नाही. पण दुसऱ्या दिवशीच्या यादीत पहिले नाव तिचे हवे.

हा वेळ जातो कुठे? बहुतेकदा ‘फिटनेस’ या एका शब्दात. फिजिशियन टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, लिहितात, इकोवाले डॉक्टर गुरुवारीच येतात आणि आज शुक्रवार असतो. हृदयात आवाज ऐकू आला, झडप अरुंद असल्याचा संशय आला, तर इको उपयोगाचा आहे, कारण भूल देण्याची पद्धत त्याने बदलते. पण तो शस्त्रक्रियेच्या बरोबरीने व्हावा, त्यासाठी दिवस घालवू नये. हृदय कमजोर आहे हे कळले म्हणून ते आठ दिवसांत बलवान होत नाही. पडून राहून आणखी थकते. थांबण्याची खरी कारणे मोजकी आहेत आणि ती आकड्यांत सांगता येतात. हिमोग्लोबिन ८ च्या खाली. सोडियम १२० च्या खाली किंवा १५० च्या वर. पोटॅशियम २.८ च्या खाली किंवा ६ च्या वर. अनियमित ठोके मिनिटाला १२० च्या वर. फुप्फुसात पाणी भरलेले हृदय. छातीतला जंतुसंसर्ग रक्तात पसरलेला. यातले प्रत्येक कारण लगेच उपचार सुरू करून बहुधा एका दिवसात आटोक्यात येते.

साखर ३०० असेल तर इन्सुलिनने काही तासांत उतरवावी. तीन महिन्यांची सरासरी साखर वाढलेली आहे म्हणून गुडघेबदल पुढे ढकलणे योग्य, खुबा ढकलणे चूक. रक्तदाब १७० आहे म्हणून परत पाठवू नये. निम्मा तर तो वेदनेचा असतो. अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर काही थांबवायचे नाही, कमरेतून भूलही देता येते. क्लोपिडोग्रेलचा परिणाम उतरायला पाच-सात दिवस लागतात. तेवढे थांबण्यापेक्षा पूर्ण भूल देऊन शस्त्रक्रिया करावी. नुकताच स्टेंट बसवलेला असेल तर हृदयरोगतज्ज्ञांशी फोनवर बोलून, गोळी बंद न करता. वॉरफेरिन किंवा अ‍ॅसिट्रॉम चालू असेल तर दाखल झाल्याबरोबर व्हिटॅमिन के द्यावे, रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आयएनआर हा आकडा १.५ पर्यंत उतरला की चालते. नव्या रक्तपातळ गोळ्यांना मूत्रपिंडाच्या कामाप्रमाणे एक ते दोन दिवस लागतात, म्हणूनच शेवटची गोळी कधी घेतली ते विचारून तासासकट लिहून ठेवायचे. आणखी एक बारीकशी चूक दिवस खाते. गुठळी होऊ नये म्हणून देतात ते एनॉक्सापॅरिनचे इंजेक्शन सकाळी आठला टोचले की पुढचे १२ तास कमरेतून भूल देता येत नाही. ते संध्याकाळी द्यावे.

कमरेतून भूल बरी की पूर्ण, यावर नातेवाईक आणि कधी कधी डॉक्टरही अडून बसतात. २०२१ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले. एकीत ६० दिवसांनंतर चालता येणे आणि दुसरीत शस्त्रक्रियेनंतरचे बरळणे पाहिले. दोन्हींत दोन्ही पद्धती सारख्याच ठरल्या. जी त्या रुग्णाला सोयीची आणि त्या भूलतज्ज्ञाच्या हातची, ती द्यावी. कमरेतून द्यायची तर औषध कमी, २ मिलिलिटर किंवा त्याहूनही थोडे. तरुण माणसाचे ३-४ मिलिलिटर या वयात दिले की रक्तदाब ७० वर येतो. आणि कमरेत सुई देण्यासाठी रुग्णाला उठून बसवण्याआधी जांघेतले बधिरतेचे इंजेक्शन द्यावे. मोडलेल्या खुब्यावर तसेच कण्हत बसवणे ही क्रूरता आहे.

उपवासाचेही असेच. ‘रात्री बारानंतर काही नाही’ असे सांगतात, सकाळी यादीत अपघाताचा रुग्ण घुसतो, दुपारी चारला ‘उद्या’ म्हणून सांगतात, तेव्हा आजी सोळा तास पाण्याविना असते. नियम सोपा आहे. खाणे सहा तास आधी बंद, पाणी दोन तास आधी बंद. दहाची शस्त्रक्रिया असेल तर पहाटे चारपर्यंत हलके खाणे आणि आठपर्यंत पाणी, साखरपाणी किंवा बिनदुधाचा चहा. शस्त्रक्रिया रद्द झाली तर त्या क्षणी जेवण द्यायचे.

शस्त्रक्रियेत काय बिघडू शकते हेही लोकांना कळावे. सळईच्या कामात पहिली पायरी हाड जुळवण्याची असते. विशेष टेबलावर पाय ताणून, आत वळवून, सी-आर्मवर, म्हणजे शस्त्रक्रिया चालू असतानाच एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्रावर, समोरून आणि बाजूने पाहून. सळई हाड जुळवत नाही, जसे असेल तसे धरून ठेवते. वाकडे जुळले असताना घाईने सळई ठोकली की ते कायमचे वाकडे राहते. दुसरी गोष्ट गोळ्यातल्या जाड स्क्रूच्या टोकाची. समोरच्या आणि बाजूच्या दोन्ही चित्रांत स्क्रूच्या टोकापासून गोळ्याच्या शिखरापर्यंतचे अंतर मोजायचे आणि बेरीज करायची. ती २५ मिलिमीटरच्या आत हवी. हा हिशेब १९९५ सालापासून माहीत आहे आणि अजून टिकून आहे. स्क्रू वरच्या बाजूला आणि उथळ बसला की ठिसूळ हाडातून लोण्यातून सुरी जावी तसा वर निघून येतो. मग पाय आखूड होतो, दुखू लागतो आणि दुसरी, अधिक अवघड शस्त्रक्रिया वाट्याला येते.

गोळा बदलताना प्रश्न येतो सिमेंटचा. बरेच नातेवाईक ‘बिनसिमेंटचा नवा’ मागतात, कारण तरुणांच्या सांधेबदलात तो चालतो. धातूच्या गोळ्याला मांडीच्या हाडाच्या पोकळीत बसणारा दांडा असतो; ठिसूळ हाडात तो सिमेंटने बसवलेला अधिक भरवशाचा. बिनसिमेंटचा दांडा घट्ट ठोकावा लागतो. तो ठोकताना किंवा पुढे चालताना मांडीचे हाड चिरते. ब्रिटनमधल्या २०२२ च्या चाचणीत सिमेंटवाल्या रुग्णांची चार महिन्यांनंतरची स्थिती अधिक चांगली आणि हाड चिरण्याचे प्रमाण कमी आढळले. ऑस्टिन मूरचा जुना, बिनसिमेंटचा, स्वस्त गोळा मात्र अजूनही सर्रास वापरला जातो. त्याचा दांडा पोकळीत हलत राहतो आणि मांडी दुखत राहते. ज्या आजीला उभे राहून पोळ्या लाटायच्या आहेत तिला तो बसवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सिमेंट म्हणजे ४० ग्रॅम पावडर आणि २० मिलिलिटर द्रव. दोन्ही मिसळले की आधी पातळ, मग कणकेसारखे, मग गरम होत दहा-बारा मिनिटांत दगड. एसी बंद पडलेल्या ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) मे महिन्यात ते बरेच आधी आवळते आणि दांडा अर्ध्या वाटेत अडकतो. म्हणून पाकीट थंड जागी ठेवावे आणि ओटीचे तापमान पाहूनच मिसळायला घ्यावे. त्याआधी हाडाची पोकळी सलाइनने भरपूर धुवायची, खाली बूच बसवायचे, कोरड्या पट्टीने पुसायचे आणि सिमेंट बंदुकीने खालून वर भरत यायचे. धुण्यात आळस केला तर पोकळीतली चरबी दाबाने रक्तात शिरते, फुप्फुसात जाते, रक्तदाब आणि ऑक्सिजन एकदम कोसळतात. हा क्षण आमच्या दोघांच्याही परीक्षेचा असतो. सर्जनने ‘सिमेंट भरतोय’ असे मोठ्याने सांगायचे. भूलतज्ज्ञाने त्याआधीच ऑक्सिजन वाढवलेला, रक्तदाब दर मिनिटाला मोजायला लावलेला आणि दाब वाढवणारे औषध सिरिंजमध्ये भरून ठेवलेले असायचे. जिथे ही हाक दिली जात नाही, त्या ओटीत अपघात होतो. प्रतिजैविकाचे इंजेक्शन कापण्याआधीच्या तासाभरात गेले पाहिजे. वॉर्डात पहाटे सहाला देऊन अकराला कापायला घेतले तर ते दिल्यासारखे नव्हेच.

दुसऱ्या दिवशी उभे करायचे. पूर्ण भार देऊन. ‘सहा आठवडे पाय टेकवू नका’ असे ऐंशी वर्षांच्या माणसाला सांगणे म्हणजे अंथरुणाला खिळवणे. एका पायावर लंगडी घालण्याची ताकद त्या वयात कुणातच नसते. वॉकरची उंची अशी ठेवावी की हात सरळ खाली सोडल्यावर मूठ मनगटाच्या घडीला यावी. लघवीची नळी एक-दोन दिवसांत काढावी. चष्मा, कवळी, कानाचे यंत्र लगेच चढवावे. बरळणे त्यानेही कमी होते. गोळा मागच्या बाजूने कापून बसवला असेल तर पहिले तीन महिने मांडी घालणे, पाटावर बसणे, उकिडवे बसणे, पाय एकमेकांवर टाकणे बंद. भारतीय पद्धतीच्या संडासावर कमोडची खुर्ची ठेवावी, साधारण १८ इंच उंचीची. पाय अचानक आखूड होऊन आत वळला आणि असह्य कळ आली तर गोळा निखळला असे समजून लगेच आणावे. जखमेतून आठवड्यानंतरही पाणी झिरपत असेल तर नुसत्या गोळ्या बदलत बसू नये. लवकर उघडून धुतले तर सांधा वाचतो; महिन्याभराने सगळेच काढावे लागते. गुठळी रोखण्याचे औषध २८ ते ३५ दिवस चालवायचे असते, घरी सोडताना ते चिठ्ठीवर आहे ना ते पाहावे.

पैशांबद्दल थोडेसे. गुडघ्याच्या इम्प्लांटच्या कमाल किमती केंद्राने ऑगस्ट २०१७ मध्ये ठरवल्या; नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याला तेव्हा कराशिवाय ५४,७२० रुपये होते. कुठल्याही इम्प्लांटचे, खुब्याच्याही, वेगळे बिल मागावे आणि पाकिटावरचे नाव व बॅच क्रमांकाचे स्टिकर आपल्या डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्यावे. दहा वर्षांनी सांधा बदलायची वेळ आली तर तेच उपयोगी पडते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार होणार असेल तर रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाला, म्हणजे आरोग्यमित्राला, पहिल्याच तासात गाठावे. तातडीच्या रुग्णासाठी फोनवरून मंजुरी घेण्याची सोय योजनेत आहे. शिधापत्रिका गावी राहिली म्हणून दोन दिवस गेले, असे होऊ देऊ नये.

आणि जे काम जवळजवळ कुणीच करत नाही ते शेवटी. उभ्याने पडून खुबा मोडला म्हणजे हाड ठिसूळ झाले आहे, दुसरा खुबाही त्याच वाटेवर आहे. टाके काढले की फाइल बंद होते. ठिसूळपणावर औषध सुरूच होत नाही. व्हिटॅमिन डी कमी असेल तर ६०,००० युनिट आठवड्याला एकदा, आठ आठवडे. अन्नातले धरून दिवसाला १,००० ते १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम. मग शस्त्रक्रियेनंतर दोन आठवडे उलटल्यावर झोलेड्रोनिक आम्लाचे ५ मिलिग्रॅमचे सलाइन, वर्षातून एकदा. २००७ साली खुबा मोडलेल्या रुग्णांवरच्याच चाचणीत याने नव्या मोडी ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झाले. मूत्रपिंडाचे काम (क्रिएटिनिन क्लिअरन्स) मिनिटाला ३५ मिलिलिटरच्या खाली असेल तर ते देत नाहीत, व्हिटॅमिन डी भरून काढल्याशिवायही देऊ नये, आणि पहिल्या वेळी दोन-तीन दिवस कणकण येते. गोळी घ्यायची तर अ‍ॅलेंड्रोनेट ७० मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही. नाहीतर अन्ननलिका भाजते. ही गोळी चहाबरोबर घेणे म्हणजे वाया घालवणे.

ब्रिटनने २००७ पासून खुबा मोडलेल्या प्रत्येक रुग्णाची देशपातळीवर नोंद ठेवायला सुरुवात केली आणि २०१० पासून ३६ तासांत शस्त्रक्रिया करणाऱ्या, वृद्धांच्या तज्ज्ञांना बरोबर घेणाऱ्या रुग्णालयांना जादा रक्कम देऊ केली. इंग्लंडमध्ये २००७ ते २०११ या काळात तीस दिवसांतले मृत्यू १०.९ टक्क्यांवरून ८.५ टक्क्यांवर आले. यासाठी नवे यंत्र आणावे लागले नव्हते. सार्वजनिक आरोग्य विभाग आणि वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आमची मागणी एवढीच आहे. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात, वैद्यकीय महाविद्यालयात आणि योजनेत नोंदलेल्या प्रत्येक खासगी रुग्णालयात साठीवरच्या खुब्याच्या रुग्णाच्या केसपेपरवर तीन वेळांची नोंद करणे बंधनकारक करावे: पडल्याची, दाखल झाल्याची आणि शस्त्रक्रिया सुरू झाल्याची. दाखल झाल्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत ४८ तासांपेक्षा जास्त गेले तर चौथ्या ओळीत कारण लिहावे आणि खाली सही करणाऱ्याचे नाव असावे.

आपले,
एक अस्थिशल्यचिकित्सक व एक भूलतज्ज्ञ,
सांगली